वजनात मजुरी, पैशांत बाजार

लग्नसराईत एखादी आई लेकीच्या पायांसाठी दहा हजार रुपयांची चांदी घ्यायची असं मनाशी ठरवून सराफाच्या पेढीवर जाते. २०२५ सालच्या जानेवारीत चांदीचा भाव किलोला नव्वद हजारांच्या आसपास होता. घडणावळ, कर आणि टंच क्षणभर बाजूला ठेवले, तर तिला एकशे दहा ग्रॅम चांदी मिळाली असती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात भाव दोन लाखांच्या पुढे गेला आणि तेवढ्याच पैशांत पन्नास ग्रॅमही पुरते येईनात. आईने खर्च तेवढाच केला, सराफाच्या गल्ल्यात रक्कम तेवढीच पडली. ज्या घरात ते पैंजण घडलं तिथली मजुरी मात्र किलोमागे ठरलेली असते. त्या घराच्या वाट्याची कमाई निम्म्याहून खाली आली.

गिऱ्हाईक पैशांत विकत घेतं आणि कारागीर वजनात कमावतो. या दोन मापांमधलं अंतर भाव स्थिर असताना दिसत नाही. वॉशिंग्टनमध्ये आयातकराची घोषणा होते, लंडनच्या तिजोऱ्या रिकाम्या होऊ लागतात, बीजिंग निर्यातीवर परवाने बसवतं, आणि ते अंतर उघडं पडतं. देशादेशांतल्या व्यापारी भांडणांचे आकडे आपण वर्तमानपत्रात अब्जांमध्ये वाचतो. ही भांडणं माणसाच्या हातापर्यंत कशी पोहोचतात हे पाहायचं असेल, तर हुपरीइतकी चांगली जागा मला दुसरी सुचत नाही.

हुपरी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यात आहे. आजूबाजूला उसाची शेतं, जवळच जवाहर सहकारी साखर कारखाना, थोडं पुढे गेलं की कर्नाटकची हद्द. बाहेरून पाहिलं तर हा सगळा मुलूख उसाचा वाटतो. पण गावात शिरलं की घराघरांतून हातोड्यांचे आणि यंत्रांचे आवाज येतात. इथे चांदीचे दागिने घडतात, आणि त्यातही पायांतले. पैंजण, वाळे, तोडे, चाळ, जोडवी, शिवाय कंबरेचे करदोडे आणि छल्ले. रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली अशा शेजारच्या गावांतही हे काम पसरलं आहे. कोल्हापुरात हुपरीला चंदेरी नगरी म्हणतात.

काम कसं चालतं ते आधी नीट पाहू, कारण पुढचा सगळा हिशेब या कामाच्या रीतीवर उभा आहे. शुद्ध चांदीत ठरलेल्या प्रमाणात तांबं मिसळून ती मुशीत वितळवतात. शंभर भागांत शुद्ध चांदी किती, त्याला टंच म्हणतात. सत्तर टंचाचं पैंजण म्हणजे सत्तर भाग चांदी, बाकीचे तीस भाग मिश्रण. वितळलेला रस साच्यात ओतून कांब करतात. कांब लाटून, खेचून तिची तार किंवा पट्टी होते. तारेच्या कड्या, ठशातून निघालेल्या फुल्या आणि पानं, बारीक घुंगरं हे सगळं वेगवेगळ्या हातांत तयार होतं आणि मग एकत्र येतं. कड्या जोडायच्या, सांधे झाळायचे, घुंगरं लावायची, मग उजळायचं. एकाच घरात सगळं क्वचितच होतं. एक घर तार ओढतं, दुसरं जोडतं, तिसरं पॉलिश करतं. जोडकामाचा मोठा भाग बायकांच्या हातून होतो, घरचं सगळं आवरून, उजेडाला बसून. प्रत्येक टप्प्यावर चांदी तोलून दिली जाते आणि तोलून परत घेतली जाते. कामात झिजणारी घट किती धरायची, हे आधीच ठरलेलं असतं.

म्हणजे चांदी ज्याच्या हातात असते, तो बहुधा तिचा मालक नसतो. ती त्याच्याकडे काही दिवस मुक्कामाला असते. त्या मुक्कामाच्या दिवसांत भाव हलला, तर तो भार कुणाच्या अंगावर पडायचा, हाच या धंद्यातला मूळ प्रश्न आहे.

आता भावाकडे वळू. चांदीचा जागतिक भाव औंसाला डॉलरमध्ये सांगतात. हा औंस किराणा दुकानातला नव्हे, ट्रॉय औंस, ३१.१०३५ ग्रॅमचा. एका किलोत असे ३२.१५ औंस बसतात. लंडनमध्ये दर कामाच्या दिवशी दुपारी बारा वाजता भाव ठरतो आणि न्यूयॉर्कच्या कॉमेक्स बाजारात वायदे चालतात. समजा औंसाचा भाव ५० डॉलर आहे आणि एका डॉलरला ८८ रुपये पडतात. ५० गुणिले ३२.१५ म्हणजे किलोला १,६०७ डॉलर ५० सेंट. त्याचे रुपये १ लाख ४१ हजार ४६०. त्यावर सहा टक्के आयातकर चढवला की १ लाख ४९ हजार ९४८, आणि त्यावर तीन टक्के जीएसटी धरला की १ लाख ५४ हजारांच्या थोडं वर. मुंबईतल्या किंवा कोल्हापुरातल्या भावाचा सांगाडा हाच. बाजारातल्या टंचाईप्रमाणे त्यात काही अधिक-उणं होतं, एवढंच.

या गणितातले आकडे जरा हलवून पाहावेत. औंसामागे एक डॉलर वाढला की किलोमागे तीन हजारांहून अधिक रुपये वाढतात. चांदी जागच्या जागी राहिली आणि डॉलर फक्त एका रुपयाने महागला, तरी किलोमागे सुमारे साडेसतराशे रुपयांचा फरक पडतो. यातला एकही आकडा हुपरीत ठरत नाही. पहिला लंडन आणि न्यूयॉर्कचा, दुसरा चलनबाजाराचा, तिसरा दिल्लीचा. हुपरीच्या हाती फक्त घडणावळ, आणि ती या सगळ्याच्या शेवटी येते.

शिवाय चांदी आपल्याकडे फारशी निघतच नाही. राजस्थानातल्या जस्ताच्या खाणींतून वर्षाला सातशे टनांच्या आसपास चांदी मिळते. २०२४ साली देशाने साडेसात हजार टनांहून जास्त चांदी आयात केली. जगातही चांदीच्या स्वतंत्र खाणी कमीच आहेत. बहुतेक चांदी जस्त, शिसं, तांबं किंवा सोनं काढताना सोबत हाती लागते. त्यामुळे भाव दुप्पट झाला म्हणून खाणीतून दुप्पट चांदी निघत नाही. तांब्याची खाण तांब्याच्या मागणीवर चालते. दुसरीकडे चांदीचं गिऱ्हाईक बदलत गेलं. आज जगातली निम्म्याहून अधिक मागणी उद्योगांची आहे, आणि त्यात सौर पॅनेलचा वाटा मोठा. पॅनेलवरच्या त्या बारीक रेघा चांदीच्या असतात. सौरऊर्जेच्या बाजारासाठी अमेरिका आणि चीन भांडतात, तेव्हा हुपरीची मूस आणि चीनमधला पॅनेलचा कारखाना एकाच ढिगातली चांदी ओढत असतात. २०२१ पासून दरवर्षी जगाची मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त राहिली आहे.

ही पार्श्वभूमी होती, आणि त्यात २०२५ साल उजाडलं. अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प पुन्हा अध्यक्ष झाले होते आणि ते आयातीवर सरसकट कर लावणार अशी हवा होती. तो कर चांदीच्या विटांवरही बसेल की काय, या भीतीने व्यापाऱ्यांनी लंडनमधली चांदी उचलून न्यूयॉर्कला नेऊन ठेवायला सुरुवात केली. कर लागण्याआधी माल आत असलेला बरा, हा साधा व्यापारी विचार. २ एप्रिलला करांची मोठी यादी जाहीर झाली. त्यातून सोन्या-चांदीच्या विटा वगळल्या गेल्या, तरी भाव दोन दिवसांत चौतीस डॉलरच्या जवळून तिसाच्या खाली आला. जगाचे कारखाने मंदावणार, मग चांदी कोण घेणार, अशी आता उलट भीती. थोड्याच दिवसांत तो पुन्हा चढणीला लागला. कर न लागताही कराच्या भीतीने धातूने समुद्र ओलांडला आणि लंडनची कोठारं हलकी झाली, ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण तिचा हिशेब दिवाळीत चुकता झाला.

ऑगस्टमध्ये भारताची पाळी आली. ७ ऑगस्टपासून भारतीय मालावर पंचवीस टक्के आणि रशियाचं तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी पंचवीस टक्के कर अमेरिकेने लावला. इचलकरंजीच्या कापडवाल्यांना आणि कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांना याचा अर्थ लगेच समजला, कारण त्यांच्या मालाला अमेरिकेची वाट माहीत आहे. हुपरीचा माल मुख्यतः देशातच खपतो. उत्तर प्रदेश, गुजरात, तमिळनाडू, आंध्र, कर्नाटक या प्रांतांतले सराफ हे तिचं गिऱ्हाईक. तेव्हा हुपरीचा या कराशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. संबंध रुपयातून आला. निर्यात अडली, परदेशी गुंतवणूक निघू लागली, रुपया उतरत गेला आणि डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने पहिल्यांदाच नव्वद रुपयांची पातळी ओलांडली. वरच्या गणितातला दुसरा आकडा हलला तो असा.

ऑक्टोबरात भारतात धनत्रयोदशीची खरेदी सुरू झाली. त्याच वेळी सोन्याच्या भावाला घाबरलेला शहरी गुंतवणूकदार चांदीच्या फंडांकडे वळला होता. देशात चांदी पुरेना. काही म्युच्युअल फंडांनी चांदीच्या फंडांत एकरकमी पैसे घेणं तात्पुरतं थांबवलं. भारतातले व्यापारी लंडनकडे वळले, तर तिथली मोकळी चांदी वर्षाच्या सुरुवातीलाच न्यूयॉर्कला गेलेली. लंडनमध्ये चांदी थोड्या दिवसांसाठी उसनी घेण्याचा दर वार्षिक तीस टक्क्यांच्या वर गेला. भावाने १९८० सालचा पन्नास डॉलरच्या आसपासचा जुना उच्चांक मोडला आणि १७ ऑक्टोबरला तो चौपन्न डॉलरच्या वर पोहोचला. मुंबईच्या वायदेबाजारात किलोचा भाव एक लाख सत्तर हजारांपर्यंत गेला. चांदी लंडनला परत येऊ लागताच महिनाअखेरीपर्यंत तो वीस हजारांहून अधिक उतरला. नोव्हेंबरात अमेरिकेने चांदीचं नाव आपल्या महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत घातलं, म्हणजे तिच्यावर पुढे कधी कर बसू शकतो ही शंका पुन्हा जागी झाली. चीनने १ जानेवारी २०२६ पासून चांदीच्या निर्यातीवर परवान्यांची नवी बंधनं जाहीर केली. डिसेंबरात भाव दोन लाखांपार गेला.

यात एका गोष्टीचं मला फार वाटतं. पायात सोनं घालत नाहीत. सोनं महागलं म्हणून चांदी घ्यावी, तसं चांदी महागली म्हणून पैंजणासाठी दुसरं काही घ्यावं अशी सोय नाही. ज्या बाईने उसाच्या बिलातून किंवा सोयाबीनच्या पट्टीतून चार पैसे बाजूला काढले, तिच्यापुढे दोनच वाटा उरतात. हलकं घ्यायचं, नाहीतर घ्यायचंच नाही.

परदेशी भांडणाचा आणखी एक फाटा हुपरीच्या थेट दारात आला, आणि तो भांडणातून नव्हे तर मैत्रीच्या करारातून. आसियान देशांशी भारताचा वस्तुव्यापाराचा करार २००९ साली झाला आणि १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. त्याखाली थायलंडहून चांदीचे दागिने विनाकर येऊ शकतात. इथला कारखानदार मात्र जी चांदी वितळवतो, तिच्यावर आयातकर भरलेला असतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात हा कर पंधरा टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर आला, म्हणून फरक कमी झाला, पण संपला नाही. एक लाखाच्या चांदीवर सहा टक्के म्हणजे किलोमागे सहा हजार. साध्या पैंजणाच्या घडणावळीपुढे हा आकडा लहान नाही. करारात अट आहे की माल त्या देशात खरोखर घडलेला हवा, त्यातली किमान पस्तीस टक्के किंमत आसियान देशांतली हवी. पण चांदीच्या साध्या दागिन्यात किमतीचा जवळजवळ सगळा भाग धातूचाच असतो. बाहेरून आलेल्या धातूला नुसता दागिन्याचा आकार देऊन ती अट प्रामाणिकपणे कशी पुरी होणार? प्रश्न उघड आहे. थायलंडहून येणारे खडे नसलेले साधे दागिने झपाट्याने वाढले, तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या परदेशी व्यापार महासंचालनालयाने अशा दागिन्यांची आयात ३१ मार्च २०२६ पर्यंत परवान्याखाली आणली.

माझ्या मते हा निर्णय योग्य होता आणि उशिरा झाला. कच्च्या मालावर कर आणि तयार मालाला मोकळी वाट, अशी उलटी रचना जिथे असते, तिथे पहिला बळी हाताने काम करणाऱ्याचा जातो. व्यापारी चांदी आणण्याऐवजी दागिने आणील आणि त्याचा धंदा चालू राहील. तार ओढणाऱ्याने काय आणायचं? अशी भांडणं जिथे मिटवायची, त्या जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ सदस्यच नेमले न गेल्याने डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. तेव्हा प्रत्येक देश आपापल्या दाराशी कडी लावतो आणि कडी किती दिवस राहील हे कुणी सांगत नाही. सहा महिन्यांच्या बंधनावर विसंबून कुणी नवं यंत्र घेत नाही आणि पोरालाही हे काम शिकवायला बसवत नाही.

चांदीच्या अशा हेलकाव्यांना हा मुलूख नवखा नाही. फरक इतकाच की पूर्वी चांदी हा नुसता दागिना नव्हता, तीच रुपया होती. एक तोळा वजनाचा रुपया, बारा भागांत अकरा भाग शुद्ध. कुणीही चांदी टांकसाळीत न्यावी आणि रुपये पाडून आणावेत अशी मुभा होती. त्यामुळे बाईच्या अंगावरचे वाळे हे एका परीने रुपयेच होते. १८७१ नंतर जर्मनीने चांदी सोडून सोन्याचं चलन धरलं, त्यापाठोपाठ युरोपातले इतर देश आणि अमेरिकाही वळली. साऱ्या जगाने टाकलेली चांदी बाजारात आली आणि तिचा भाव घसरत गेला. जवळपास दोन शिलिंगांचा रुपया १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर आला. इंग्रज सरकारला लंडनला दरवर्षी जी देणी द्यावी लागत, ती पौंडांत होती. म्हणून २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. रुपया वाचला, पण ज्या दिवशी हे झालं त्या दिवशी खेड्यातल्या दागिन्याची रुपयाशी असलेली गाठ सुटली. चांदीचा भाव काही दिवसांतच कोसळला. तीन-चार वर्षांनी, १८९६-९७ च्या दुष्काळात, लोकांनी धान्यासाठी अंगावरची चांदी मोडायला काढली, तेव्हा एक तोळा चांदीला एक रुपया मिळेनासा झाला होता. चलन सावरण्याचा निर्णय सिमल्यात झाला आणि त्याची किंमत वाळ्यांनी भरली.

पहिल्या महायुद्धात हेच चाक उलटं फिरलं. युद्धासाठी भारतातून माल गेला, त्याचे पैसे रुपयांत द्यायचे, आणि रुपयांसाठी चांदी नाही. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने पहिल्यांदा एक रुपयाची कागदी नोट काढली. लोकांनी नोटा घेऊन चांदी मागायला गर्दी केली. शेवटी एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा केला आणि आपल्या खजिन्यातले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी ब्रिटनला भारतासाठी विकली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या कनवटीला लागलेल्या काही रुपयांत अमेरिकेचे डॉलर मुरलेले होते. लंडनचा भाव औंसाला त्रेचाळीस पेन्सच्या पुढे गेला की रुपयातली चांदी त्या वेळच्या सोळा पेन्सच्या रुपयापेक्षा महाग ठरत असे, म्हणजे रुपया वितळवण्यात फायदा. फेब्रुवारी १९२० मध्ये हा भाव साडेएकोणनव्वद पेन्सवर गेला.

पुढच्याच महिन्यात, २१ आणि २२ मार्च १९२० रोजी, माणगावला परिषद भरली. हे माणगाव हातकणंगले तालुक्यातलंच, हुपरीच्याच तालुक्यातलं. अध्यक्ष होते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि करवीरचे राजर्षी शाहू महाराज तिथे जातीने आले होते. माणगाव परिषद आपण सामाजिक इतिहासात वाचतो आणि ते योग्यच आहे. पण त्यानंतर काही महिन्यांतच बाबासाहेब लंडनला अर्थशास्त्राचा अभ्यास पुरा करायला गेले आणि तिथे त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय रुपयाच होता. १९२३ साली तो ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने पुस्तकरूपाने निघाला. त्यातलं एक पूर्ण प्रकरण चांदीच्या चलनावर आणि तिच्या अस्थिरतेतून होणाऱ्या अपायांवर आहे.

त्या काळी अनेक जाणती माणसं म्हणत होती की रुपया घसरला तर देशाचं भलं होतं, कारण निर्यात वाढते. बाबासाहेबांनी विचारलं, हा नफा येतो कुठून? त्यांचं उत्तर असं की भाव चढतात आणि मजुरी त्यांच्या मागे रखडत चालते. त्या मधल्या अंतरातून मालकाला जे मिळतं, ते मजुराच्या खिशातून गेलेलं असतं. देशाने कमावलं असं म्हणणं म्हणजे एका वर्गाने दुसऱ्याचं घेतलं हे झाकणं. त्यांनी चांदीच्या चलनाची बाजू घेतली नाही. पैशाचं मोल स्थिर राहिलं पाहिजे आणि ते सरकारच्या मर्जीवर सोडता कामा नये, हा त्यांचा आग्रह होता. शंभर वर्षांनी रुपयात चांदी उरली नाही. पण त्यांनी दाखवलेली ती फट, भाव आणि मजुरी यांच्यातली, हुपरीच्या तराजूत तशीच दिसते.

मधल्या काळातला एक प्रसंग थोडक्यात सांगतो, कारण जुनी माणसं भावाचं बोलताना १९८० चं नाव काढतात. अमेरिकेतल्या टेक्सासच्या हंट बंधूंनी प्रचंड प्रमाणात चांदी आणि चांदीचे वायदे गोळा केले. १९७९ च्या सुरुवातीला सहा डॉलरच्या आसपास असलेला औंस १८ जानेवारी १९८० ला पन्नासच्या जवळ गेला. बाजाराने नियम कडक केले, आणि २७ मार्चच्या गुरुवारी भाव अकरा डॉलरच्या खाली आला. दोन भावांची हाव जगभरच्या सोनारांच्या अंगावर आली. आजच्या हेलकाव्यामागे असा कुणी एक माणूस दाखवता येत नाही, म्हणून तो समजून घ्यायला अवघड आहे आणि थोपवायलाही.

आता त्या मूळ प्रश्नाकडे परत येऊ, की मुक्कामाच्या दिवसांतला भार कुणाचा. समजा एका लहान कारखानदाराने १७ ऑक्टोबर २०२५ ला रोखीने दहा किलो चांदी घेतली. सतरा लाख गेले. माल घडून, पॉलिश होऊन, बाहेरगावच्या सराफापर्यंत पोहोचायला दहा-बारा दिवस. तोवर किलोमागे वीस हजार उतरलेले. दहा किलोवर दोन लाखांचा खड्डा, आणि त्या दहा किलोंची सगळी घडणावळ एकत्र केली तरी तो बुजणं कठीण.

यावर व्यापाराने फार पूर्वीपासून एक उपाय शोधलेला आहे. चांदीचा हिशेब चांदीतच ठेवायचा. सराफाने मालातल्या शुद्ध चांदीइतकी चांदी परत द्यायची आणि वर मजुरी. यात भावाचा धोका टळतो. पण हा उपाय सावकाराच्या घरचा आहे हे उधारी झाली की कळतं. भाव नव्वद हजार असताना ज्याच्या अंगावर दोन किलो चांदीची बाकी राहिली, त्याचं देणं तेव्हा एक लाख ऐंशी हजारांचं होतं. वर्षभरात त्याने एक गुंजही जास्त उचलली नाही, तरी डिसेंबरात ते चार लाखांवर गेलं. त्याची मजुरी रुपयांत मिळते आणि त्याचं देणं चांदीत वाढतं. बाबासाहेबांच्या फटीचं हे हुपरीतलं रूप.

वायदेबाजारात भाव आधीच बांधून ठेवता येतो, असं शहरातले सल्लागार सांगतात. ते खरं आहे. मुंबईच्या बाजारात तीस किलोचा मोठा वायदा आहे, पाच किलोचा आहे आणि एक किलोचाही आहे. ज्याच्या घरी दहा किलो चांदी कामाला आहे, त्याने दहा किलो पुढच्या भावाने विकून ठेवायची. चांदी उतरली तर माल तोट्यात जाईल, पण वायदा नफ्यात येईल. चढली तर उलट. पण चढत्या बाजारात वायद्याचा तोटा रोजच्या रोज रोखीने भरावा लागतो आणि मालाचा नफा महिन्याने हाती येतो. शिवाय भाव उसळले की बाजार अनामत वाढवतो. ज्या दिवशी आधाराची गरज सर्वांत जास्त, त्याच दिवशी तो आधार सर्वांत महाग होतो. मोठा कारखानदार हे पेलतो. चार माणसांच्या घराला ही रोकड उभी करता येत नाही. हे काम सहकाराने करायला हवं, असं मला मनापासून वाटतं. ज्या जिल्ह्याने ऊस आणि दूध सहकारात आणून दाखवलं, त्याला शंभर लहान घरांची चांदी एकत्र धरून तिचा भाव बांधणं अशक्य नाही.

तोवर हुपरीने आपल्या परीने वाट काढली आहे. माल हलका होत चालला आहे. तार बारीक, पट्टी पातळ, भरीव कडीच्या जागी पोकळ. दुकानाच्या काचेत जुनं आणि नवं पैंजण शेजारी ठेवलं तर लांबी तीच, नक्षी तीच. उचलून पाहिलं की कळतं.

पण हलक्या पैंजणात कड्या कमी होत नाहीत. ऐंशी ग्रॅमच्या जोडीला जितके सांधे, तितकेच चाळीस ग्रॅमच्या जोडीला. उलट बारीक तारेवर आच जरा जास्त लागली तर तार वितळते आणि तुकडा परत मुशीत जातो, म्हणून हात हळू चालवावा लागतो. एका किलोत पूर्वी साडेबारा जोड्या बसत, आता पंचवीस बसतात, आणि घडणावळ अजून किलोवर. जिने पंचवीस जोड्यांचे सांधे जोडले, तिने दुप्पट काम केलं आणि तेवढेच पैसे घेतले. मजुरी जोडीवर धरावी, सांध्यांवर धरावी, यात न जमण्यासारखं काही नाही. त्यासाठी लंडनला जावं लागत नाही आणि दिल्लीच्या अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही. तराजूशेजारी एक वही ठेवून जोड्या मोजाव्या लागतील.